सराव संपल्यावर

मार्शगेट,
१८ ऑगस्ट १९९६

प्रिय डोरीनताई,
सा. न. वि. वि.

तुझा क्रेग सुखरूप पोचला. बस तासभर उशिरा आली आणि स्वारी उतरली ती खांद्यावर बॅग, एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात तू दिलेला केकचा डबा अशा थाटात. डबा हलका लागला म्हणून उघडून पाहिला, तर आत नुसता कागद. सोळा वर्षांच्या पोराच्या हाती केक देऊन त्याला एवढ्या लांबच्या प्रवासाला पाठवणारी तू, आणि मला व्यवहार कळत नाही म्हणणारीही तूच.

मागची खोली त्याला दिली आहे. खिडकीतून फुटबॉलच्या मैदानाच्या दिव्यांचे खांब दिसतात, ते पाहून तो खूश झाला. बाकीच्या शिकाऊ पोरांची सोय क्लबने गावातल्या बायकांच्या घरी केली आहे, पण भाच्याला परक्या घरी ठेवलं असतं तर तू मला जन्मभर ऐकवलं असतंस. हॅरॉपने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, एकच अट घातली: घरी मामा, मैदानावर कोच. क्रेगला ती लगेच कळली. काल मैदानावर सगळ्यांसमोर मला कोच म्हणाला आणि घरी आल्यावर विचारलं, की मामा, तुझ्याकडे ताटली एकच कशी काय?

खरंच एकच होती. एवढी वर्षं वेगवेगळ्या गावांत भाड्याच्या खोल्यांत काढली, आज हा क्लब, उद्या तो, त्यामुळे सामान वाढवायची सवयच लागली नाही. पुढे गुडघा गेला आणि मी इथे पोरांना शिकवायला लागलो, त्यालाही आता बराच काळ झाला, तरी दुसरी ताटली आणावी असं कधी सुचलं नव्हतं. आज बाजारातून आणली.

फोनवर आपण दोघं पावसापलीकडे काही बोलत नाही, म्हणून हे पत्र. आईची ही एक सवय तरी आपण चालू ठेवू या. रॉयदाजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे. क्रेगपेक्षा थोडा कमी असला तरी चालेल.

तुझा,
टेरी


हॅल्सडेन,
२ सप्टेंबर १९९६

चि. टेरीस,
अनेक आशीर्वाद.

केक तुम्हा दोघांसाठी होता हे त्या खादाडाला तीनदा सांगितलं होतं. त्याला घरकामाला लाव. इथे त्याने कधी कपसुद्धा विसळला नाही, आणि दोष माझाच आहे हे रॉय मला रोज ऐकवतो.

शाळेच्या स्वयंपाकघरात मी सगळ्या बायकांना सांगून टाकलं. पोरांच्या ताटात बटाटे वाढता वाढता सांगितलं, की माझा मुलगा मार्शगेट टाउन क्लबात आहे, त्याच्या मामाच्या हाताखाली. मिसेस एंटविसल म्हणाली, घरातच फुटबॉल आहे म्हणायचं. मी म्हटलं, आहेच मुळी.

तुला माहीत नसेल, पण तू खेळायचास तेव्हा शनिवारी पाच वाजता आमच्या घरात देवळासारखी शांतता असायची. बाबा रेडिओजवळ बसायचे आणि निकाल सुरू झाले की एक बोट वर करायचे. त्या बोटापुढे आईचीही बोलायची छाती नव्हती. तुझी डिव्हिजन सगळ्यात शेवटची, त्यामुळे तुझ्या क्लबचं नाव येईपर्यंत आम्हाला अख्खं इंग्लंड ऐकावं लागायचं आणि चहा गार व्हायचा. रविवारी तुझा फोन यायचा. हरलात तरी तू हसत असायचास. बाबा फोन ठेवून म्हणायचे, पोराला आवडीचं काम मिळालं, माणसाला अजून काय लागतं.

माझ्या आयुष्यात फारसं काही घडलं नाही, टेरी. शाळा सुटली, लग्न झालं, बटाटे सोलतेय. पण माझा भाऊ फुटबॉल खेळतो, हे मी कुणालाही मान वर करून सांगू शकले. आता माझ्या पोराला तुझ्यासारखा कर. बाकी मला काही नको.

दोघांनी एकमेकांवर माया करा आणि उरलेली इकडे पाठवा.

तुझी,
डोरीन


मार्शगेट,
११ जानेवारी १९९८

प्रिय डोरीनताई,
सा. न. वि. वि.

नाताळात क्रेगबरोबर पाठवलेला केक या वेळी भरल्या डब्यातून पोचला, म्हणजे पोरगा सुधारला म्हणायचा. तुम्ही मलाही बोलावलं होतंत, पण नाताळच्या दुसऱ्या दिवशी सामना असतो हे तुला माहीतच आहे. क्रेग नव्हता ते चार दिवस घर भलतंच नीटनेटकं राहिलं. मला ते आवडलं नाही.

एरवी ओले टॉवेल जिन्यावर, बुटांचा चिखल दारात, आणि आंघोळीला गेला की त्याचं गाणं. गाणं म्हणजे काय, गळा काढणंच. शेजारच्या बाईंनी विचारलं, कुत्रा पाळलात का? संध्याकाळी आम्ही पत्ते खेळतो. तो चोरी करतो आणि पकडला गेला की म्हणतो, हे मला कोचने शिकवलं. मी रोज घरी येताना कोपऱ्यावरूनच दिवा लागलाय का ते बघतो. वय झालं की माणूस असा होत असावा.

आता थोडं कामाचं. एप्रिलच्या शेवटी या पोरांची दोन वर्षं भरतात. त्यांतल्या तिघाचौघांना क्लब पुढे ठेवेल, बाकीच्यांना सोडेल. आमच्याकडे त्याची एक पद्धत आहे. त्या दिवशी सगळी पोरं बुटांच्या खोलीत बसून असतात. ज्याला ठेवायचं त्याला हॅरॉप वर ऑफिसात बोलावतो. ज्याला सोडायचं त्याला न्यायला मी जातो, कपडे धुण्याच्या खोलीत. तिथे यंत्रांचा आवाज असतो, पोरगा रडला तरी बाहेर ऐकू येत नाही. त्यामुळे दारात माझा चेहरा दिसला की कुणाला काही सांगावंच लागत नाही. वर्षभर जी पोरं माझ्या मागेपुढे असतात, ती त्या दिवशी मी दिसताच खाली बघतात.

क्रेग मन लावून खेळतो. पळतो, अडवतो, चेंडू जवळच्या माणसाला नीट देतो. मधल्या फळीत असा माणूस लागतोच. पण पहिल्या चार पावलांत तो मंद आहे आणि ते शिकवून येत नाही. खरं सांगायचं तर तो अगदी माझ्यासारखा खेळतो. तेव्हा तू स्वयंपाकघरात इतक्यात काही सांगत सुटू नकोस, एवढीच विनंती.

तुझ्या मायेवर टिकून असलेला,
टेरी


हॅल्सडेन,
२२ मार्च १९९८

चि. टेरीस,
अनेक आशीर्वाद.

अगदी माझ्यासारखा खेळतो, असं तू लिहिलंस. ती ओळ मी रॉयला दोनदा वाचून दाखवली. मग अडचण कसली? तू वयाची बत्तीस वर्षं ओलांडेपर्यंत खेळलास. तेवढं त्याला मिळालं तरी मी चर्चमध्ये मेणबत्ती लावीन.

आता मी आडवळण घेत नाही. क्रेगकडून कळलं की हॅरॉप तुझा शब्द मोडत नाही. रॉय म्हणतो, असं मागू नये, टेरीची पंचाईत होईल. होऊ दे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं? आईच्या आजारपणात तू खेळत होतास म्हणून सगळं मी एकटीने केलं, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आजही काढत नाही. पण हे मागते. लेकरू आहे माझं. सोळाव्या वर्षी घर सोडून गेलं ते याच एका गोष्टीसाठी. तुझ्या एका शब्दाने होत असेल तर तो शब्द टाक.

तुला ओशाळं करायला लिहिलं नाही. तुझ्यावरच्या हक्काने लिहिलं.

तुझी,
डोरीन


मार्शगेट,
२६ एप्रिल १९९८

प्रिय डोरीनताई,
सा. न. वि. वि.

क्रेग काल तुमच्याकडे पोचला असेल आणि काय झालं ते त्याने सांगितलं असेल. मी फोन केला होता, पण रॉयदाजींनी उचलला आणि तू बाहेर गेलीस म्हणाले. मागे भांड्यांचा आवाज येत होता. ठीक आहे. मी लिहून सांगतो, कारण ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

गुरुवारी हॅरॉपने मला बोलावलं. तीन नावं ठरली होती, त्यात क्रेग नव्हता. मग तो म्हणाला, "चौथं नाव तू सांग, टेरी. भाच्याला ठेव म्हणालास तर ठेवतो वर्षभर. मला काही फरक पडत नाही." माणूस वाईट नाही. माझ्यावर उपकार म्हणूनच तो बोलला. मी त्याच्याकडे एक दिवस मागितला. घरी आलो तर क्रेगने सॉसेज तळून ठेवले होते, थोडे करपलेले. आम्ही जेवलो, पत्ते खेळलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॅरॉपला नको म्हणून सांगितलं.

नंतर मी बुटांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. पोरांनी माना खाली घातल्या. क्रेगने घातली नाही. तो हसत उठला. घरचाच पोरगा, म्हणून मामाच आनंदाची बातमी सांगायला आला, असं त्याला वाटलं. त्याने शेजारच्या पोराच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याआधीच जिन्याकडे चालू लागला. मला मागून म्हणावं लागलं, "तिकडे नाही क्रेग. इकडे."

तो रडला नाही. यंत्रांचा आवाज चालू होता. मग त्याने विचारलं, "हे मामा सांगतोय की कोच?" मी म्हणालो, कोच. त्याने मान हलवली. संध्याकाळी आम्हाला एकाच गाडीतून एकाच घरी यायचं होतं, तसे आलो. सकाळी त्याने स्वतःचं अंथरूण काढून घडी करून ठेवलं होतं. तसं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं.

रागाव. पण लोभ तोडू नकोस.

टेरी


हॅल्सडेन,
३ मे १९९८

टेरी,

मी शब्द टाक म्हणाले होते. तू शब्द टाकलास, पण नको हा. क्लबने सोडलं असतं तर मी क्लबला शिव्या देऊन मोकळी झाले असते. आता कुणाला देऊ?

हॅरॉप त्याला ठेवायला तयार होता, आणि सख्ख्या मामाने दार लावलं. पोरगं खोलीतून बाहेर येत नाही. मिसेस एंटविसलने विचारलं तेव्हा मी सांगितलं की त्याच्या पायाला लागलंय. तुझ्यामुळे मी खोटं बोलले, आणि ते सगळ्यांना कळलंही.

तुला सगळं मिळालं. तुझा फोटो वर्तमानपत्रात आला, बाबा तो पाकिटात ठेवून फिरायचे. त्यातलं थोडं माझ्या पोराला मिळालं असतं तर तुझं काय कमी झालं असतं? तुला पोरंबाळं नाहीत. आईचं काळीज तुला कळायचं नाही, आणि मी ते समजावत बसणार नाही.

डोरीन


मार्शगेट,
१४ जून १९९८

प्रिय डोरीनताई,
सा. न. वि. वि.

तुझ्या मेमधल्या पत्रानंतर मी पाठवलेल्या दोन पत्रांना तुझं उत्तर आलं नाही. हे तरी वाच, मग वाटलं तर फाडून टाक.

तू लिहिलंस, तुला सगळं मिळालं. यात तुझी चूक नाही. तुम्हाला तसं वाटावं असंच मी सांगत आलो. नाताळचंच घे. दुसऱ्या दिवशी सामना म्हणून आम्हाला नाताळच्या सकाळीही सराव असायचा, म्हणून मी घरी येऊ शकायचो नाही. मी फोनवर सांगायचो की क्लबने हॉटेलात जेवण दिलं, टर्की होती, गाणी झाली. असं जेवण एकदाच झालं. एरवी ज्यांची घरं जवळ होती ते घरी पळायचे. माझी घरमालकीण तिच्या लेकीकडे जायची आणि माझ्यासाठी झाकून ठेवायची. ते गरम करून मी खिडकीशी बसून खायचो आणि मग खाली जाऊन तुम्हाला फोन करायचो. आई विचारायची, मागे गाण्यांचा आवाज कसा नाही? मी म्हणायचो, बाहेर आलोय, आत फार गोंगाट आहे.

हॅरॉप म्हणाला ना, मला फरक पडत नाही? ताई, मी आयुष्यभर तो चौथाच होतो. मी कुणाला नको होतो असं नाही. माझ्या असण्या-नसण्याने कुणाला फरक पडत नव्हता, म्हणून मला ठेवत गेले. अजून एक वर्ष, अजून एक वर्ष. त्या वर्षावर लग्न ठरत नाही, घर घेता येत नाही, मित्र जुना होत नाही. मे महिन्यात यादीत आपलं नाव आहे का ते बघायचं आणि बॅग भरायची. एकदा लिंडा म्हणून एक मुलगी होती, तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी तिसऱ्यांदा गाव बदललं तेव्हा तिने अगदी शांतपणे सांगितलं, की आता पुरे. एवढं करून खेळ तरी? बऱ्याच शनिवारी मी राखीव खेळाडूंच्या बाकावरच बसून होतो. तुम्ही मात्र रेडिओपाशी.

वाईट खेळाडूला लवकर सोडतात, चांगल्याला पैलतीर मिळतो. माझ्यासारख्याला मध्येच ठेवतात. मला अठराव्या वर्षी कुणीतरी कपडे धुण्याच्या खोलीत न्यायला हवं होतं. त्या दिवशी मी रडलो असतो, तू माझी बाजू घेऊन भांडली असतीस, आणि मग मी हॅल्सडेनला राहिलो असतो. आईपाशी तू एकटी नसतीस.

आता जे सांगायला सगळ्यात जड जातं ते सांगतो. मी हॅरॉपकडे एक दिवस मागितला, तो क्रेगच्या खेळाचा विचार करायला नव्हे. खेळाचं मला ठाऊकच होतं. हो म्हटलं तर अजून एक वर्ष घरात दिवा असेल, जिन्यावर टॉवेल पडलेले असतील, हा विचार करत मी रात्रभर बसलो होतो. त्याने विचारलं, मामा सांगतोय की कोच? मामाला विचारलं असतं तर मामा लगेच हो म्हणाला असता, स्वतःसाठी. म्हणून कोचला सांगावं लागलं.

माफ कर असं म्हणत नाही. पण अबोला धरून बसू नकोस. मला बोलायला फार माणसं नाहीत.

तुझा,
टेरी


हॅल्सडेन,
४ ऑक्टोबर १९९८

चि. टेरीस,
आशीर्वाद.

तुझं जूनचं पत्र मी शाळेच्या कोठीघरात दार लावून वाचलं. मग रॉयला दिलं. तो वाचून बागेत गेला आणि अंधार पडेपर्यंत आत आला नाही. मला तुझा इतका राग आला होता की काय सांगू. आधी क्रेगबद्दल होता. मग आम्हाला एवढी वर्षं फसवलंस म्हणून. मग बाबा काही न कळता गेले म्हणून. त्यानंतर रडू आलं आणि राग कुठे ठेवला ते सापडेना. मी तुला माफ केलंय असं मात्र समजू नकोस.

बातमी अशी, की क्रेगला सॉल्टबरीच्या क्लबने घेतलं. तुमच्याहूनही एक डिव्हिजन खाली, आणि देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. त्याने स्वतःच फोन करून चाचणी मागितली होती, आम्हाला निवड झाल्यावर सांगितलं. मी तुझं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वाचलं, घडी केली आणि म्हणाला, "मामाचं मामापाशी. मला माझं बघू दे." एका वर्षाचा करार आहे. एका विधवेच्या घरी खोली मिळाली आहे. मागच्या महिन्यात गेला.

मिसेस एंटविसलला मी सांगितलं नाही. पूर्वी धावत जाऊन सांगितलं असतं.

दर रविवारी फोन येतो. सगळं मस्त आहे म्हणतो. पोरं मस्त, बाई मस्त, जेवण मस्त. याआधी एवढं ऐकून मी शांत झोपले असते. आता मी फोन धरून उभी राहते, आणि पुढे काय विचारावं ते मला सुचत नाही. रॉय सामन्याचं विचारतो, तो सामन्याचं सांगतो, मग पाऊस आहे का, आणि संपलं.

तू खोटं सांगण्यात तरबेज होतास, म्हणून तुलाच विचारते. दुसरं कुणी नाही विचारायला. टेरी, आम्ही तुला काय विचारलं असतं तर तू खरं बोलला असतास?

उत्तराची वाट बघते.

डोरीन


मार्शगेट,
७ ऑक्टोबर १९९८

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

पत्र आत्ताच आलं, लगेच लिहितो.

तो गेला ते मला क्लबातून कळलं होतं. सॉल्टबरीच्या कोचने मला फोन करून विचारलं, पोरगा कसा आहे? खोटं सांगून त्याची वाट अडवता आली असती. मी सांगितलं, मन लावून खेळतो. खरं तेच सांगितलं.

सामना कसा झाला हे विचारू नकोस. त्याचं उत्तर तयार असतं. जेवलास का, हेही नको, त्याचंही असतं. खोली, बाई, सोबतची पोरं, या सगळ्यांवर मस्त म्हणून सुटता येतं.

सराव साडेबाराला संपतो. मग आंघोळ, आणि एक वाजता मैदान रिकामं. पाय दमवायचे नाहीत, घरी जाऊन पडा, असा हुकूम असतो. लग्न झालेले घरी जातात. बाकीच्यांपुढे अख्खी दुपार असते, ओळखीचं कुणी नसलेल्या गावात. मी एकोणीस वर्षांचा असताना एका गावात हिवाळाभर रोज एका चपलाबुटांच्या दुकानात जायचो. घ्यायचं काही नसायचं, नुसते घालून बघायचो. तिथली म्हातारी खाली बसून नाडी बांधून द्यायची आणि म्हणायची, चालून बघ बाळा, बोचतंय का कुठे? दिवसभरात मला एवढंच कुणीतरी विचारायचं. तिला कळलं होतं की मी काही घेणार नाही. तरी ती रोज नवा जोड काढायची.

तेव्हा रविवारच्या फोनवर विसंबू नकोस. आठवड्याच्या मधल्या एखाद्या वारी तूच फोन कर, दुपारी तीनच्या सुमारास, शाळेतून आलीस की. त्याला विचार, आज सराव संपल्यावर काय केलंस. तो म्हणेल, काही नाही. तेव्हा फोन ठेवू नकोस. तूही काही बोलू नकोस. नुसती थांब.

माझी पोरं बूट पुसून तीनला जातात. मग मीही घरीच असतो.

तुझा,
टेरी